मंडळीत जिव्हाळा हवा, तर आधी मागायची लाज घालवा

पास्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात तुमची चाळीसेक घरांची मंडळी आहे. रविवारी माणसं येतात, गीतं म्हणतात, संदेश ऐकतात आणि आशीर्वाद झाला की चपला घालून निघतात. तुम्ही प्रीतीवर ओळीने संदेश दिले, एकदा फेलोशिपचा कार्यक्रमही ठेवला. तरी एका घरचं दुखणं दुसऱ्या घराला कळत नाही. अशा मंडळीत जिव्हाळा आणायचा कसा?

मी पाळकाची बायको. आमच्या ह्यांच्या बदल्या अमरावती, वाशीम, यवतमाळ या पट्ट्यात होत राहिल्या आणि घरसभा, महिला मंडळ हे काम माझ्याकडे असायचं. व्यासपीठावरून मंडळी कशी दिसते ते मला फारसं ठाऊक नाही. चुलीपाशी काय बोललं जातं ते ठाऊक आहे. त्याच बाजूने सांगते.

तुमच्या मंडळीत प्रेम नाही असं आधी मनातून काढून टाका. आपल्याकडच्या खेड्यात देणारा हात आखडता नसतो. मयत झाली तर न बोलावता माणसं येतात, लग्नघरी पोळ्या लाटायला बायका आपापलं पोळपाट घेऊन पोचतात. अडतं ते मागताना. "आज माझ्याकडे नाही" हे वाक्य कुणाच्या तोंडून निघत नाही. निघालं तर चार जणांत होईल, पोरीच्या सोयरिकीत आडवं येईल, वरून कुणीतरी म्हणेल, "एवढे विश्वासाचे म्हणवतात आणि घरात दाणा नाही." म्हणून माणूस सावकाराकडे जातो, फायनान्सवाल्या गटाकडे जातो, शेजारच्या बाकावर बसणाऱ्या भावाकडे जात नाही. माझ्या मते जिव्हाळ्याची खरी परीक्षा इथे आहे. ज्या मंडळीत माणसाला न लाजता मागता येतं, ती मंडळी आपोआप जवळ येते. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एकाच गोष्टीसाठी.

ही लाज आली कुठून, यालाही आपल्या भागाचा एक इतिहास आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. पुढे वऱ्हाडातही निरनिराळ्या मिशनांचं काम उभं राहिलं. शाळा, बोर्डिंग, दवाखाने निघाले. त्या कामाचे उपकार मोठे आहेत, माझी आजीही बोर्डिंगमध्येच शिकली. पण त्यातून एक सवय लागली: काही लागलं तर मिशनच्या बंगल्यावर जायचं, मिशनरी साहेबाला सांगायचं. मागणं नेहमी वर गेलं, शेजारी कधी गेलं नाही. साहेब गेले, बंगले उरले, आणि मागायला दारच राहिलं नाही. आता तुम्ही पाळक आहात म्हणून लोक तुमच्याकडे येत असतील, बंद दाराआड सांगत असतील आणि तुम्ही खिशातून देत असाल. ते थांबवा असं मी म्हणणार नाही. पण त्यातून मंडळी जुळत नाही, फक्त पाळकाचं कर्ज वाढतं.

आता कामाचं. सुरुवात दिवसापासून करा. तुमची मंडळी रोजमजुरीवर जाणारी आहे. कापसाच्या वेचणीत किलोवर मजुरी मिळते, रविवार म्हणून शेतमालक कापूस झाडावर ठेवत नाही. आपल्याकडे मजुरांची सुटी बाजाराच्या दिवशी असते, आठवड्याचा चुकारा त्याच दिवशी होतो. म्हणजे बाई रविवारी सकाळी उपासनेला आली तर तिचं अर्धं रोज बुडालेलं असतं आणि ती घड्याळाकडेच बघत बसते. आशीर्वादानंतर ती पळते ती यासाठी. दिवाळीपासून वेचणी संपेपर्यंत रविवारची उपासना पहाटे किंवा दिवेलागणीला ठेवा, आणि माणसं निवांत बसावीत अशी सभा बाजाराच्या दिवशी संध्याकाळी घ्या. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना गावोगाव चालत आली, त्यात वेळेचाही मोठा वाटा आहे असं मला वाटतं. काम आटोपून माणूस हातपाय धुऊन मोकळा झालेला असतो. आपण मात्र मिशनच्या काळातली दहाची वेळ धरून बसलो आहोत.

ही सभा देवळात, म्हणजे चर्चच्या इमारतीत नको, घरांमध्ये हवी, आणि पाळीपाळीने सगळ्या घरांत. पण इथे एक खड्डा आहे. पहिल्या घरी चहा-बिस्कीट असतं. दुसरं घर पोहे करतं. तिसऱ्या घरी आलूबोंडे निघतात. चौथं घर म्हणतं, "आमच्याकडं पुढच्या महिन्यात घ्या जी, सध्या पाहुणे हायेत." पाहुणे कुणी नसतात. अशा एका घरच्या विधवा मावशीने मला एकदा सरळच सांगितलं, "माह्या घरी चारच कप हायेत बाई, एवढ्या लोकाईले चाय कशी देऊ?" त्या आठवड्यापासून आम्ही नियम केला की प्रत्येकाने आपापला गिलास घरून घेऊन यायचा, आणि घरमालकाने फक्त कोरा चहा करायचा, दुधाचाही नाही. ज्याच्या घरी दूध आहे त्यानेही नाही. काही मोठ्या घरच्या बायका नाराज झाल्या. एकीने तर हातात गिलास घेऊन गावातून जायचं म्हणजे कसंतरीच दिसतं असं ऐकवलं. मग तीच पदराखाली गिलास झाकून आणायला लागली. मावशीच्या अंगणात सतरंजी अंथरली होती, एका बाजूला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा ढीग, त्याला टेकून पोट्टे बसले, आणि चहा तिने पाणी तापवायच्या गुंडात केला. सभेनंतर कुणी उठेना. ती सभा छान झाली, पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. जाताना त्या मोठ्या घरच्या बाईने मावशीला विचारलं, "थोड्या पऱ्हाट्या नेऊ का? आमच्याकडे सरपण संपलं." तिने मागितलं, आणि मावशीने दिलं. हे उलटं झालं पाहिजे. गरीब नेहमी घेणारा आणि सधन नेहमी देणारा असेल तर त्या मंडळीत उपकार होतात, जिव्हाळा होत नाही.

आता गळतीचं सांगते. मंडळीत माणसं तोंड का उघडत नाहीत? कारण सगळ्यात जास्त बातम्या प्रार्थनेच्या विनंतीतून फुटतात. "अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा बरं, दोन महिने झाले माहेरी जाऊन बसली आहे." आमेन म्हणेपर्यंत ते गावभर होतं, आणि आपण प्रार्थनाच केली असं समाधानही मिळतं. आमच्या एका घरसभेत एक म्हातारी होती. असं कुणी बोलायला लागलं की ती मध्येच विचारायची, "तिनं सांगाले सांगतलं काय वो?" बस, पुढचं बोलणं बंद. तुमच्या सभेत अशी एक म्हातारी असली तर देवाचे आभार माना. नसली तर नियम करा की प्रत्येकाने स्वतःचंच सांगायचं, दुसऱ्याचं सांगायचं तर त्याला विचारून. सुरुवातीला सभा मुकी होईल. डोकेदुखी, परीक्षा, प्रवास एवढ्याच विनंत्या येतील. घाई करू नका. एखाद्या दिवशी कुणीतरी "बँकेची नोटीस आली आहे" असं म्हणेल आणि ते बाहेर जाणार नाही, तेव्हा बाकीच्यांना कळेल की इथे बोलता येतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र काहीही झालं तरी कुणाच्या आजाराचे, घरभेटीचे फोटो टाकू देऊ नका. सलाइन लावलेल्या माणसाचा फोटो टाकून त्याखाली हात जोडलेली चित्रं पाठवणं मला अजिबात पटत नाही.

फोटोंचं आणखी एक कारण आहे, आणि ते तुम्ही नवे असल्यामुळे स्पष्ट सांगते. तुमच्याकडे मागच्या बाकावर काही कुटुंबं असतील जी येतात, मनापासून येतात, पण रजिस्टरमध्ये नाव लिहू देत नाहीत. त्यांना भित्रे म्हणू नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही नाहीत. आदिवासींना ही अट लागू नाही. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाच्या मुलीची शिष्यवृत्ती जाऊ शकते आणि दुसऱ्याच्या मुलीची नाही. हा त्यांचा आणि त्यांच्या विवेकाचा प्रश्न आहे, आपण त्यावर सभेत टोमणे मारायचे नाहीत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही भाऊ मानूनच. शंभर वर्षांपूर्वी ज्याला हे सुचलं तो मराठी माणूसच होता, हे आपल्या जुन्या कुटुंबांना अधूनमधून आठवण करून द्यावं लागतं. आपल्यात 'मिशन कंपाउंडवाले' आणि 'नवीन विश्वासी' अशी भिंत असते. जात सोडली म्हणतात, पण सोयरीक करताना आजोबांचं गाव विचारतात. ही भिंत संदेशाने पडत नाही. देवळाची किल्ली नव्या घराकडे द्या, मग बघा.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा काढा. दुसऱ्या अध्यायातलं सगळं समाईक असल्याचं चित्र आपण वारंवार वाचतो, पण सहाव्यातलं भांडण घाईने उलटतो. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर झाली. धान्याचं भांडण, तेही भाषेवरून, म्हणजे आपल्या गावातलंच. प्रेषितांनी काय केलं? त्यांनी प्रेमावर संदेश दिला नाही. सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. सगळी नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. तुमच्या पंचमंडळीतली नावं एकदा या नजरेने वाचून पाहा.

आणि वाटपाचंच म्हणाल तर कोठी सुरू करा. बऱ्याच मंडळ्यांत स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायची रीत होती, काही घरांत अजून आहे. ते धान्य रविवारी अर्पणात येतं, लिलाव होतो, पैसे खात्यात जातात. लिलाव बंद करा असं नाही, पण निम्मं धान्य कोठीत ठेवा. आपल्याकडे सगळ्यात ओढीचे दिवस आषाढ-श्रावणाचे. पेरणीत पैसा गेलेला असतो, सोयाबीन यायला अवकाश असतो, पावसाने मजुरी लागत नाही. त्या दिवसांत ज्याला लागेल त्याने पायलीने मोजून न्यायचं आणि हंगाम निघाल्यावर तेवढंच परत आणायचं, व्याज नाही. फुकट देऊ नका. फुकट घेणाऱ्याची मान खाली जाते, उसनं घेणाऱ्याची जात नाही. खरंच ज्याला परत करता येणार नाही त्याच्यासाठी वेगळी सोय करता येते, ती गुपचूप. कोठीला कुलपं दोन लावा. एक किल्ली सधन घराकडे, दुसरी अशा बाईकडे जी स्वतः कोठीतून नेते. वही साधी ठेवा. नावापुढे फक्त पायल्या लिहायच्या, कारण लिहायचं नाही. तुम्ही स्वतः किल्ली ठेवू नका.

आता रेशनच्या गहू-तांदळामुळे पोटाची भूक पूर्वीइतकी राहिलेली नाही, हे खरं. आजची नड वेगळी आहे. ती दवाखान्यात दिसते. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय असो, नागपूरचं मेडिकल असो की यवतमाळचं, तिथे रोगी एकटा गेला की हरवतो. केसपेपर काढायचा, रांगेत उभं राहायचं, रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या मजल्यावरून आणायचा, योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधारची झेरॉक्स द्यायची, रात्री खाली चादर टाकून झोपायचं. घरचा एकच माणूस असतो, तो दोन दिवसांत थकतो. पहिल्या दिवशी मंडळीतले दहा जण भेटायला जातात, केळी-मोसंबी घेऊन, आणि वॉर्डात प्रार्थना करून शेवटच्या बसने परत येतात. चौथ्या दिवशी कुणी नसतं. मला विचाराल तर भेटायला जाणं बंद करा, सोबतीला जाणं सुरू करा. पाळी लावा. एक जण चोवीस तास थांबेल, दुसऱ्या दिवशी दुसरा येईल. येताना घरून डबा, आंघोळीचा साबण, मोबाइलचा चार्जर आणेल. आणि जो मजुरी सोडून जाईल त्याचं रोज मंडळीच्या अर्पणातून भरून द्या. यावर तुमच्याकडे वाद होईल. सेवेचे पैसे कसे घ्यायचे, असं कुणीतरी म्हणेल, बहुतेक मास्तर किंवा पेन्शनवाला म्हणेल. त्याला सांगा, पगारी माणसाची सेवा सुटीत होते, मजुराची सेवा पोटाला चिमटा घेऊन होते. रोज भरून दिलं नाही तर सोबतीला नेहमी तीच दोन-तीन बरी घरं जातील, आणि पुन्हा देणारे तेच राहतील. ज्यांनी एकमेकांना बेडपॅन दिलं आहे त्यांच्यात पुढे देवळात बसायच्या जागेवरून भांडण झालेलं मी पाहिलं नाही. कुणाचा रक्तगट कोणता याचीही यादी करून ठेवा, रात्री धावपळ होत नाही.

ज्या घरात कर्त्या माणसाने जीव दिला, त्या घराबद्दल वेगळं लिहावं लागेल. आपल्या जिल्ह्यांत हे टाळून मंडळीचं बोलता येत नाही. दफनाला मंडळी पूर्ण उभी राहिली पाहिजे, गीत म्हटलं पाहिजे, कुठलीही काटछाट न करता. "विश्वास कमी पडला" हे शब्द कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका. निघाले तर तिथेच थांबवा, मग तो पंच असला तरी. रडणाऱ्यांबरोबर रडा असं प्रेषित पौल रोमकरांना लिहितो, समजवा असं लिहीत नाही. पहिले आठ-दहा दिवस घर भरलेलं असतं. खरं काम नंतरचं. सातबारा, कर्जाचे कागद, शवविच्छेदनाचा अहवाल घेऊन तहसीलच्या चकरा मारायच्या असतात, आणि बाई तर कधी एकटी तालुक्याला गेलेली नसते. तिच्याबरोबर दर वेळी तोच माणूस किंवा तीच बाई जाईल असं ठरवा, म्हणजे तिला प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागत नाही. आणि वावर पडीक राहू देऊ नका. इर्जिकीची रीत आपल्या बापजाद्यांची आहे, एकाच्या वावरात सगळ्यांनी आपापल्या जोड्या घेऊन उतरायचं आणि त्याच्याकडे जेवायचं. पण पेरणीचा भरवसा देताना विचार करा. मृगाचा पाऊस पडून वापसा आला की तो सगळ्यांना एकाच वेळी येतो, त्या तीन-चार दिवसांत कुणाचीच जोडी मोकळी नसते. मोठ्या तोंडाने कबूल करून ऐनवेळी न जाण्याने जेवढं मन तुटतं तेवढं न बोलण्याने तुटत नाही. म्हणून पेरणीसाठी ट्रॅक्टरचे तास आधीच पैसे भरून ठेवा, आणि माणसांचं बळ डवरणीला, निंदणाला, फवारणीला वापरा. कुणी फार गप्प गप्प राहायला लागलं, हिशेब आटोपत असल्यासारखं वागायला लागलं, तर वाट बघत बसू नका, त्याच दिवशी जाऊन बसा. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतीच्या नंबरवर मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. तो नंबर देवळाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, बाहेरच्या नको.

जेवणाचं थोडं गमतीने सांगते, पण गंमत समजू नका. वर्षातून दोनदा तरी वावरात रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा स्वयंपाक करा. नाताळच्या जेवणाचा उपयोग नाही, त्यात नवे कपडे आडवे येतात. रोडग्याला गोवऱ्या लागतात, कणीक मळायला मजबूत हात लागतात, वांग्याच्या भाजीचं मोठं गंज हलवायला दोन माणसं लागतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडे गोवऱ्या असतात. ज्याच्याकडे तेही नाही त्याला निखारे फुलवता येतात, आणि रोडगा कच्चा काढला की जळला हे त्यालाच कळतं. वाटण्यापूर्वी राख झटकून तो मधोमध फोडतात, वाफ येते, त्यावर तूप किंवा तेल. त्या दिवशी पाहुणा कुणीच नसतो. मात्र पंगतीत एक गोष्ट कटाक्षाने पाहा. आधी कोण बसतं? करिंथच्या मंडळीत हेच झालं होतं, ज्यांना लवकर येता येत होतं ते खाऊन मोकळे झाले आणि कष्टकरी उपाशी राहिले. पौलाने त्यावर एक ओळीचा उपाय सांगितला: एकमेकांसाठी थांबा. आपल्याकडे पंच, पाळक, शहरातून आलेले पाहुणे यांची पंगत आधी आणि वाढणाऱ्या बायका शेवटी थंड भातावर. पास्टर, तुम्ही शेवटच्या पंगतीत बसा. सांगू नका, नुसते बसा.

भांडणं होतील. जवळ आल्यावर जास्त होतील, याची तयारी ठेवा. आपल्या मंडळ्यांत दोन प्रकारची भांडणं असतात, धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, आणि मिशनच्या जागेची. जागेच्या भांडणात पडू नका, ती कोर्टात म्हातारी होतात. धुऱ्याच्या भांडणात मात्र पडा, आणि लवकर पडा, बोलणं बंद व्हायच्या आत. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पहिली पायरी एकट्याने जाऊन सांगायची आहे. आपण ती गाळून थेट पंचांपर्यंत जातो. प्रभुभोजन पुढच्या रविवारी आहे हे आठवडाभर आधी जाहीर करा आणि तो आठवडा घरभेटींसाठी मोकळा ठेवा. सगळ्यांसमोर दोघांना उभं करून गळाभेट घ्यायला लावू नका, ती टाळ्यांपुरती असते. मी एक साधी खूण बघते. फवारणीचा पंप परत एकमेकांकडे मागायला लागले का? लागले तर मिटलं. आणि घरात बायकोला मारहाण होत असेल तर ते 'भांडण' नव्हे. तिथे समेटाची भाषा करू नका, क्षमा कर म्हणून तिला परत पाठवू नका. तिला आधी सुरक्षित जागी न्या. घरगुती हिंसेविरुद्धचा २००५ चा कायदा तिच्यासाठी आहे, १८१ हा महिलांचा नंबर आहे. नवऱ्याचं नंतर पाहू.

हिशेबाबद्दल एवढंच की दर महिन्याला वाचा आणि कागद दारावर लावा. आलेले पैसे, गेलेले पैसे, उरलेले पैसे, साध्या मराठीत. हिशेब बंद असेल तिथे वरचं काहीही उगवत नाही.

पुण्याला, बुटीबोरीला गेलेल्या तरुणांचं वाईट वाटून घेऊ नका. नाताळला येतील तेव्हा त्यांना स्टेज देण्यापेक्षा म्हाताऱ्यांबरोबर देऊळ रंगवायला द्या. आणि गावातल्या दुसऱ्या मंडळीशी बोलचाल ठेवा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि त्याच विदर्भातल्या एखाद्या दोनशे उंबऱ्यांच्या गावात आपल्या दोन मंडळ्या एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. हसावं की रडावं कळत नाही. शेजारच्या हिंदू, बौद्ध घरांचं तर सांगायलाच नको, अडीअडचणीला तेच आधी धावून येतात. कोठीतून त्यांच्यापैकी कुणी पायलीभर मागितलं तर वही काढून लिहा आणि द्या.

राहता राहिले तुम्ही. पाळकाने लोकांची नावं पाठ करावीत हे तुम्हाला शिकवलं असेलच. रोमकरांच्या सोळाव्या अध्यायात पौल वीस-पंचवीस जणांना नावाने सलाम पाठवतो. पण त्यातली एक ओळ बघा. रूफच्या आईला तो 'माझीही आई' म्हणतो. म्हणजे त्या बाईने कधीतरी या मोठ्या प्रेषिताला जेवू घातलं असेल, कपडे धुतले असतील, दुखण्यात उशाशी बसली असेल, आणि त्याने ते करू दिलं. तुम्ही करू देता का? तुमच्या घरचं दूध संपलं तर तुमची बायको शेजारी मागते, की दुकानात उधारी लिहिते? तुमच्या आईच्या ऑपरेशनचं मंडळीला कधी कळलं, आधी की नंतर? पाळक कधीच मागत नाही, त्या मंडळीत मागणं कमीपणाचं ठरतं, तुम्ही वर कितीही सांगा. आमच्या ह्यांना हे जमायला वेळ लागला, कारण सेमिनरीत त्यांना द्यायलाच शिकवलं होतं. मला लवकर जमलं, कारण पाळकाच्या पगारात महिना काढायचा होता.

सगळं एकदम काढू नका. दिवाळीच्या आत बाजाराच्या दिवसाची सभा सुरू करा, गिलासाच्या नियमासकट, आणि पहिली सभा तुमच्या घरी घ्या. सोबतीची पाळी केव्हाही लावता येते, पहिला रोगी दवाखान्यात गेला की लावा. कोठी मात्र यंदा नको. तूर, गहू, हरभरा घरात येऊ द्या, फाल्गुनात भरा आणि पुढच्या आषाढात उघडा. अर्धी कोठी घेऊन सुरुवात केली तर पहिल्या चार घरांतच संपेल, आणि पाचवा रिकाम्या हाती गेला की तो पुन्हा मागायला येणार नाही.